हापशी, कमान आणि मोजलेले हात

"कायले जाऊ सभेले? गेलं म्हनजे हापशी चालू होते काय?" विहिरीत दोर सोडता सोडता कमलीबाई पुटपुटली.

सत्तेचा स्वभाव उताराचा आहे. वाट दिली की खाली येते. पंचायतींना अधिकार देणारी घटनादुरुस्ती झाली तशी ती दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून वाशिमला, वाशिमहून मानोऱ्याला आणि तिथून आमच्या तांड्यावर आली. येताना एकोणतीस विषय घेऊन आली. (हापशी खोलायचा पाना तेवढा तालुक्यालाच राहिला.)

पूर्वी हापशी बिघडली की साहेबापुढे हात जोडावे लागत. आता तो अपमान उरला नाही. आता आपणच मालक, आपणच ठराव करायचा. म्हणून हापशी दिवाळीपासून बंद आहे आणि साठीची हिरीबाई गुडघ्याला फडकं बांधून या शेतातल्या विहिरीवरून रोज चार खेपा करते.

ग्रामसभेला शंभर माणसं लागतात. येतात सात. मग सभा तहकूब होते. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नाही. कायद्याचं मन किती मोठं! लोक आले नाहीत तर लोकांवाचून भागवून घेतो. (तुमच्याही गावी सभा होते. तारीख पाठ असेलच.)

अशा सभेत सरपंच दुर्गाबाई चहा करतात, त्यांचे यजमान नानाजी खुर्ची सांभाळतात आणि नानाजी धरून चौघे भाऊ वेळेवर हात वर करतात. यंदा गावाला स्वागत कमान मंजूर झाली. चांगली उंच आहे. डोक्यावर दोन हंडे असले तरी वाकावं लागत नाही.

"नानाजीनंच गाव खाल्लं," रीता म्हणाली.

"सरकारच तसं हाय वो," निता म्हणाली.

विहिरीवरच्या आम्ही अकरा जणींनी माना हलवल्या. माना हलवायला गणपूर्ती कधीच कमी पडत नाही.

बाराव्या हिरीबाईने भरला हंडा खाली ठेवला.

"मी गेलती त्या सभेले. पैसा एकाच कामाले होता. ग्रामसेवकानं हात मोजले. कमानीले चार, हापशीले एक. माहा."

दोर धरलेले हात थांबले. मी त्या दुपारी पापड वाळत घालत होते. एकटीच नव्हते, निताही होती.

"अजून चौघी आल्या असत्या तं हापशी झाली असती. कमान नानाजीनं नाही बांधली, बाई. आपन बांधली. तुमी कोठं होत्या?"