गुरुपादप्पांची थरथर

सोमवारी सकाळी गुरुपादप्पा मिटकरी यांनी वर्तमानपत्र उघडले आणि त्यांच्या डाव्या हाताला कंप सुटला. पान फडफडू लागले. चौसष्ट वर्षांत हा हात कधी डगमगला नव्हता. गेवराईच्या पेठेतील त्यांच्या दुकानात ठाणातून कापड फाडताना तो अजूनही आखल्यासारखी सरळ रेघ धरीत असे. आजही त्या हाताला काही झालेले नव्हते. गुरुपादप्पा तो स्वतःच हलवीत होते, आणि समोर बसलेल्या पत्नीच्या नजरेस पडावा म्हणून जरा जोरातच हलवीत होते.

कारण असे, की खरा कंप गंगासागरबाईंच्या हाताला होता.

गेल्या तीन महिन्यांत त्यांच्या हातची कामे एकेक करून सुनेकडे गेली होती. सुईत दोरा कावेरीने ओवायचा, रांगोळी कावेरीने काढायची, आमटीत मीठदेखील गंगासागरबाईंनी सांगायचे आणि कावेरीने घालायचे. सासूबाईंचा दरारा वाढला, असा साऱ्या घराचा समज झाला. गुरुपादप्पांना मात्र दिसत होते, की पदराखाली त्यांचा उजवा हात डाव्या हाताने दाबून धरलेला असतो. बाईंची थोरली बहीण कंपवाताने सहा वर्षे अंथरुणाला खिळली होती आणि तिला घास भरवण्याचे काम गंगासागरबाईंनीच केले होते. आपल्याला कोणी तसे भरवावे, ही कल्पनाच त्या बाईला सोसणारी नव्हती. गुरुपादप्पांनी दोनदा डॉक्टरांचा विषय काढला. दोन्ही वेळा उत्तर एकच मिळाले.

"मला काय धाड भरली हाय? तुमी आधी तुमच्या चष्म्याचा नंबर बघून घ्या."

अशात मागल्या आठवड्यात समोरच्या एसटीडी बूथवर बसवेशचा, घरच्यांच्या बसूचा, फोन आला. गंगासागरबाईंच्या धाकट्या बहिणीचा हा मुलगा हैदराबादला मेंदूचा डॉक्टर होता. त्याने महिनाभरासाठी बीडला एक यंत्र आणले होते. चिरफाड नाही, सुई नाही. डोक्यावर नुसते कडे धरायचे, चुंबकाचा झटका द्यायचा आणि मेंदूचा निरोप हातापर्यंत कसा पोहोचतो ते मोजायचे. थरथरणारी माणसे त्याला हवी होतीच. पण ताडून पाहण्यासाठी त्याच वयाची धडधाकट माणसेही हवी होती, आणि ती काही केल्या मिळत नव्हती. हे ऐकले आणि गुरुपादप्पांच्या डोक्यात बेत शिजला. आपण रोगी व्हायचे आणि सोबतीला आलेल्या बायकोला धडधाकट म्हणून खुर्चीत बसवायचे.

बेत त्यांनी फक्त बालमित्र जीपवाल्या चाँदभाईंना सांगितला.

"गुरपाद, वहिनीला खोटं पचंल, पण तुला न्हाई पचायचं बे," चाँदभाई म्हणाले. "जीप मात्र बेस्तरवारी तयार ठेवतो."

आता फडफडणाऱ्या वर्तमानपत्राकडे गंगासागरबाईंनी क्षणभर निरखून पाहिले.

"हे कवापासून?"

"झाले की चार-आठ दिवस," गुरुपादप्पा खोल आवाजात म्हणाले. "बीडला बसू आलाय म्हणं. त्याला दाखवावं का?"

"बेस्तरवारी जाऊ. तवर घरचे उपाय करू."

घरच्या उपायांचा गुरुपादप्पांनी विचारच केला नव्हता. दुपारपर्यंत त्यांच्या हातातून दुकानाची कात्री गेली, संध्याकाळी वस्तरा गेला. वांगे, दही आणि लोणचे ताटातून उठले. मंगळवारी पहाटे तालमीतला आसाराम पहिलवान लसणाचे तेल घेऊन हजर झाला आणि त्याने गुरुपादप्पांना चटईवर पालथे घालून कणीक तिंबावी तसे तिंबले.

"दुखतंय रे!" गुरुपादप्पा ओरडले.

"दुखणारच, अप्पा. वात बाहेर निघतोय."

"हात धरलाय माझा, पाठ न्हाई!"

"काकूंनी समदं अंग सांगितलंय."

बुधवारी धारूरहून व्याही अर्जुनराव तांब्याचे कडे घेऊन भेटीला आले. त्यांच्यासमोर गुरुपादप्पांनी उजवा हात हलवला. अर्जुनराव म्हणाले, "डावा हात ना? तसं कळवलं होतं." गुरुपादप्पांनी घाईने डावाही सुरू केला. रोग एका रात्रीत दुसऱ्या हातावर गेला, हे पाहून अर्जुनरावांच्या डोळ्यांत पाणी आले. पेठेत ही बातमी इतकी पसरली, की लग्नाचा बस्ता बांधायला आलेली मंडळी दुकानात कुजबुजत बोलू लागली. गुरुवार उजाडला तेव्हा गुरुपादप्पांचा प्रत्येक सांधा खरोखर दुखत होता आणि लसणाच्या वासाने चाँदभाईंनी जीपच्या दोन्ही बाजूंचे पडदे वर गुंडाळले होते.

बीडला एका मंगल कार्यालयाच्या खोलीत यंत्र मांडले होते. दारातच मदतनीस बाईंनी छापील कागद पुढे केला. "अंगावरचा सगळा धातू काढून ठेवा."

घड्याळ गेले, तांब्याचे कडे गेले, कमरेचा चांदीचा करदोटा गेला. मग बाईंचे बोट गळ्यातल्या चांदीच्या करडगीकडे, इष्टलिंगाच्या डबीकडे वळले. "हेही काढा."

"ते लिंग हाय," गुरुपादप्पा दचकून म्हणाले. "दीक्षा झाली तवापासून अंगावेगळं केलं न्हाई."

"नियम आहे. नाहीतर यंत्रावर बसता येणार नाही."

गुरुपादप्पांचा चेहरा पडला. तीन दिवस तिंबून घेतले ते सारे या उंबऱ्यावर वाया जाण्याची वेळ आली. आपण बसलो नाही, तर तीही बसणार नाही. तेवढ्यात गंगासागरबाई पुढे झाल्या.

"बाई, तुमच्या कागदावर धातू लिहिलंय का लिंग?"

"धातू."

"मग चांदी निघंल, लिंग न्हाई निघणार." त्यांनी पिशवीतले नवे उपरणे काढून नवऱ्याच्या हाती दिले. "फाडा पट्टी."

गुरुपादप्पांनी सरळ रेघेत, एका झटक्यात पट्टी फाडली. करडगीतले लिंग त्यांनी तळहातावर घेतले, वस्त्रात गुंडाळले आणि गळ्यात बांधले. रिकामी चांदी घड्याळाशेजारी गेली. बाईंना हरकत घ्यायला जागा उरली नाही.

खुर्चीत बसल्यावर बसवेशने त्यांच्या अंगठ्याच्या बुंध्याला चिकटपट्ट्या लावल्या. पट्ट्यांच्या तारा संगणकाला जोडलेल्या होत्या आणि पडद्यावर हिरवी रेघ नाचत होती. गुरुपादप्पा जिवाच्या आकांताने हात हलवीत होते.

"काका, उजव्या बोटानं टेबलावर ताल धरा. हळू... आता जलद... आता मध्येच एक सोडून."

उजवे बोट तालात पडू लागले. डावा हातही बरोबर त्याच तालात थरथरू लागला. उजव्याने एक ठोका सोडला, की डावाही सोडी. बसवेशने एकदा पडद्याकडे आणि एकदा काकांकडे पाहिले.

"मावशी, जरा बाहेर बसता का?" त्या बाहेर गेल्यावर त्याने दार लोटले. "काका, हा काय प्रकार आहे? खरी थरथर आपला ताल सोडत नाही. तुमची माझ्या तालावर नाचतेय! बाहेर आष्टीहून आलेली खरी आजारी माणसं बसलीत."

गुरुपादप्पांनी हात जोडले. जोडलेले दोन्ही हात आता अगदी स्थिर होते. "बसू, मला वाटंल ते बोल. पण मावशीला या खुर्चीत बसव. थोरलीसारखं व्हायलंय का, तेवढं बघ. तिला विचारायची माझी छाती न्हाई."

थोरल्या मावशीची शेवटची वर्षे बसवेशनेही पाहिली होती. त्याचा राग ओसरला. त्याने दार उघडले.

"मावशी, काकांचं ताडून पाहायला एक धडधाकट माणूस पाहिजे. बसाल?"

"धडधाकटच पाहिजे न्हवं?" गंगासागरबाईंनी विचारले आणि एरवीसारखे आणखी दोन प्रश्न न करता त्या लगेच खुर्चीत बसल्या. अंगावरचे दागिने त्यांनी काढून ठेवले आणि आपले लिंगही वस्त्रात बांधून घेतले. बसवेशने दोन भाकरी शेजारी ठेवाव्यात तसे दिसणारे कडे त्यांच्या डोक्याच्या डाव्या बाजूला धरले. टक् असा आवाज झाला आणि उजव्या हाताचा अंगठा टुणकन उडाला.

"बसू, अंगठा मी हलवला न्हाई."

"मी हलवला, मावशी."

"माझ्या अंगठ्याला हुकूम देणारा तू कोण?"

"मी नाही, तुमच्या मेंदूनंच दिला. मी फक्त त्याला डिवचलं. हुकूम सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पोहोचला."

"आमच्या घरात स्वयंपाकघरातून दुकानापतुर हुकूम जायला दुपार व्हती," गंगासागरबाई म्हणाल्या. पण नजर त्यांनी अंगठ्यावरून काढली नाही.

मग बसवेशने हात मांडीवर सैल सोडायला लावले. हात शांत राहिला. नंतर पाण्याने भरलेला पेला उचलायला सांगितले. गंगासागरबाईंनी पेला उचलला, आणि ओठांपाशी येईपर्यंत निम्मे पाणी पदरावर सांडले. पडद्यावरची रेघ एका चालीने थरथरत राहिली. बसवेशने कोपर वाकवून पाहिले, बोटे जुळवून पाहिली, चालवून पाहिले, कागदावर गोल काढायला लावला. गुरुपादप्पा भिंतीला धरून उभे होते.

"बसू," शेवटी गंगासागरबाई म्हणाल्या, "अक्काचं झालं तेच ना? सरळ सांग."

"नाही, मावशी. अगदी नाही. थोरल्या मावशीचा हात नुसता बसलेला असताना हलायचा. तुमचा काम करताना हलतो. अंग ताठलेलं नाही, चाल मोकळी आहे. ही साधी थरथर. खूप जणांना असते, घराण्यातही असते. आज्जीचा हात हलायचा का?"

"आई ताक घालायची तवा पळी वाजायची. पण ती नव्वदीपतुर आपल्या हातानं जेवली."

"तुम्हीही जेवाल. हे यंत्र अभ्यासापुरतं आहे, बरं करणारं नव्हे. पण एक लहान गोळी देतो, तिनं बराच फरक पडेल. आणि थोडं सांडलं, तर सांडू द्या."

गंगासागरबाईंनी डोळे मिटले आणि उघडले. पेला त्यांनी पुन्हा उचलला आणि उरलेले पाणी शांतपणे पिऊन टाकले. गुरुपादप्पा मात्र तोंड फिरवून उपरण्याने चष्मा पुसत राहिले.

परतीच्या वाटेवर गढीच्या फाट्याशी गंगासागरबाईंनी जीप थांबवायला लावली. हॉटेलात बसून चहा घेणे त्यांना आजवर कधीच मान्य नव्हते. आज त्यांनी भरलेला कप चारचौघांत उजव्या हाताने उचलला. चहा बशीत हिंदकळला. शेजारच्या बाकावरचा माणूस बघू लागला.

"बघा, बघा," त्या म्हणाल्या. "थरथर हाय, कंपवात न्हाई. यंत्रावर मोजून आलेय." माणसाने घाईने मान वळवली.

गुरुपादप्पांना आता राहवेना. "ऐक. एक सांगायचं व्हतं. माझा हात..."

"ठाऊक हाय."

"बसूनं सांगितलं?"

"सोमवारीच कळलं. हात खरा थरथरतो तवा माणूस तो लपवतं. तुमी तर दाखवत व्हता."

चाँदभाईंना चहाचा ठसका लागला.

"मग तवाच कावून बोलली न्हाईस?" गुरुपादप्पा कळवळून म्हणाले. "तीन दिवस त्या पहिलवानानं माझी हाडं मोकळी केली!"

"बोलले असते, तर तुमी हात थांबवला असता. मग मी बीडला कुणाच्या निमित्तानं जाणार व्हते?" गंगासागरबाईंनी रिकामा कप त्यांच्यापुढे सरकवला. "आणखी एक सांगा. काठोकाठ भरून."