इंदूताईंची आफ्रिका

गाईच्या बारशाला मी आयुष्यात एकदाच गेलोय, आणि तेव्हा गाय सात वर्षांची होती.

आमच्या शेजारच्या इंदूताई राऊतांची ती गाय. तिचं आधीचं नाव ऱ्होडेशिया. गव्हाणीजवळ दुसरं जनावर फिरकलं की ही लाथ झाडायची, म्हणून इंदूताईंनी मूठभर गोऱ्यांनी बळकावलेल्या त्या आफ्रिकी देशाचं नाव मुद्दाम ठेवलेलं. मग एका एप्रिलमध्ये तिकडचा ऱ्होडेशिया स्वतंत्र होऊन झिंबाब्वे झाला, आणि इकडे इंदूताई हळदकुंकवाची कोयरी घेऊन घरोघर फिरल्या. "उद्या चारला या. गाईचं नाव बदलतेय." आम्ही गेलो. घुगऱ्या वाटल्या गेल्या, गाईच्या कानात नवं नाव तीनदा सांगितलं गेलं, आणि नाव ऐकताच गाईने आमच्या हेडमास्तरांना लाथ मारली.

"स्वातंत्र्य नवीन आहे, सर," इंदूताई म्हणाल्या. "जरा सवय होऊ द्या तिला."

इंदूताई आमच्या हायस्कुलात भूगोल शिकवायच्या. मी गणित. वसई गावात आमची घरं एकाच कुंपणाला लागून. त्यांच्या घरामागे केळीची वाडी, पानवेल, कडेने मोगरा. घरात माणसं दोनच. या, आणि त्यांची आई यमुनाबाई. वडील केव्हाच गेले, भाऊ मुंबईला. लग्न इंदूताईंनी केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारण्याची गावात कुणाची छाती नव्हती, कारण त्या उलट प्रश्न विचारायच्या.

उलट प्रश्न हा त्यांचा धर्मच. सगळं सुरू झालं तेही तसंच. भूगोलाच्या एका जुन्या पुस्तकात 'आफ्रिका हे काळोखे खंड होय' असं वाक्य होतं. पंधरा वर्षं त्यांनी ते निमूट शिकवलं. एक दिवस वर्गात वाचता वाचता थांबल्या आणि म्हणाल्या, "कुणी सांगितलं? तिथल्या माणसाला विचारलं का?" ज्याला विचारायला हवं होतं तो माणूस वसईत मिळेना. मग बाईंनी स्वतःच विचारायचं ठरवलं. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मुंबईच्या विद्यापीठात एम.ए.ला नाव घातलं. विषय आफ्रिका.

"इंदूताई, एम.ए. करायचं तर मराठीत करा," हेडमास्तर कळवळून म्हणाले. "आफ्रिका कशाला? तिकडे बदली होणाराय का तुमची?"

"मराठीतल्यांना मी रोज भेटते की, सर."

त्या दिवसापासून 'विचारलं का त्याला?' हे आमच्या कानांच्या पाचवीला पुजलं. हेडमास्तर म्हणाले, पोरांना स्काउटचा गणवेश आवडतो, की "विचारलं का त्यांना?" माझी बायको म्हणाली, ह्यांना कारल्याची भाजी चालते, की "विचारलं का त्यांना?" त्या एका प्रश्नाने आमच्या घरातलं कारलं कायमचं बंद झालं. मी आजही ऋणी आहे.

एम.ए.च्या पहिल्या वर्षात स्वाहिली भाषेचे चार शब्द हाती लागले. सकाळी रस्त्यात दिसेल त्याला त्या "हबारी?" म्हणजे 'काय खबर?' असं विचारू लागल्या. मासळी विकणारी फिलूबाय पहिल्या दिवशी गोंधळली. दुसऱ्या दिवशी तिने डोक्यावरच्या पाटीसकट मान ताठ करून उत्तर दिलं, "भारी!" महिन्याभरात चर्चपासून एस.टी. स्टँडपर्यंत सगळे हबारीला भारी म्हणू लागले. नालासोपाऱ्याच्या बाजारात तर एकदा वांगी घेता घेता त्यांनी भाजीवाल्याला ऐकवलं, "या सोपाऱ्याहून गलबतं समुद्र ओलांडून जायची, माहीत आहे? पार पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत." भाजीवाला कालच जौनपूरहून आलेला. तो घाबरून म्हणाला, "हम नहीं जाएँगे, बहनजी."

स्वयंपाकघरात चुलीच्या वर आफ्रिकेचा नकाशा. यमुनाबाई मला म्हणायच्या, "मास्तर, भिताडावर माशी बसली तरी हिला कळते, कुटल्या देशात बसली ती." एवढं बोलून त्या कोयता घेऊन वाडीत जायच्या. दिवसभर त्या वाडीत, लेक शाळेत नाहीतर पुस्तकात. दोघी एकमेकींशी भांडताना मी कधी ऐकल्या नाहीत. बोलताना ऐकल्या असंही म्हणवत नाही.

दुसऱ्या वर्षी प्रबंध लिहायची वेळ आली. इंदूताईंनी विषय घेतला पूर्व आफ्रिकेतल्या केळीच्या बागा आणि तिथल्या लोकांचं पिढीजात ज्ञान. मार्गदर्शक बाई खूश झाल्या. पण ग्रंथालयातली पुस्तकं वाचून इंदूताई धुमसत घरी आल्या. मी कुंपणापाशी झाडांना पाणी घालत होतो.

"सगळी पुस्तकं साहेबांची," त्या म्हणाल्या. "साहेब बागेत गेला, झाडं मोजली, फोटो काढला आणि परत आला. बाग ज्या बाईने लावली ती फोटोत मागे उभी आहे. पाहिलीत? तिला एक शब्द विचारलेला नाही!"

"मग आता?"

"आता तिकडचं माणूस शोधायचं."

आणि शोधलं. मुंबईत इंजिनिअरिंग शिकायला आलेला टांझानियाचा डॉमिनिक नावाचा मुलगा त्यांना विद्यापीठातल्या एका कार्यक्रमात भेटला. त्याचं गाव मोठ्या सरोवराकाठी, घराभोवती केळीच केळी. इंदूताईंनी त्याला रविवारी वसईला बोलावलं. तो सकाळीच आला, आणि कॅथलिक निघाला म्हणून फिलूबाय त्याला परस्पर चर्चमध्ये मिसाला, रविवारच्या प्रार्थनेला, घेऊन गेली. मिसा सुटेपर्यंत गावाने डॉमिनिकचं दुमिंग केलेलं होतं, आणि तीन घरांत जेवायचं आमंत्रण झालं होतं.

मग तो वाडीत आला. इंदूताई वही-पेन घेऊन सज्ज, मी मागे. यमुनाबाई ओणव्या होऊन केळीच्या बुडाशी फुटलेले कोंब, म्हणजे पिलं, कापत होत्या. दुमिंग थांबला. थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत वर केली, हात जोडून खुणेने कोयता मागितला आणि पुढच्या केळीपाशी बसला. त्या बुंध्याला पाच पिलं होती. यमुनाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. आता हा कुठलं कापतो?

त्याने रुंद पानांची तीन पिलं उडवली. तलवारीसारख्या अरुंद पानाचं एक मोठं ठेवलं, आणि त्याच्या पलीकडचं तसंच एक लहान.

"अगो बया!" यमुनाबाई ओरडल्या. "याला कोनी शिकवलं?"

इंदूताईंनी इंग्रजीत विचारलं. "आजीने," तो म्हणाला. मग बुंध्यावर हात ठेवून त्याने एकेक दाखवलं. ही आई. ही मुलगी. ही नात. तिघींहून जास्त एका जागी ठेवायच्या नाहीत.

इंदूताईंनी ते मराठीत सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक झाला. कारण यमुनाबाई मान हलवून म्हणत होत्या, "तेच तर. आय, लेक, नात. माजी सासू पन तेच सांगायची."

"आई, तू मला हे कधी सांगितलं नाहीस!"

"तू कदी इचारलंस?" यमुनाबाई म्हणाल्या, आणि दुमिंगच्या दंडाला धरून त्याला पुढच्या वाफ्याकडे घेऊन गेल्या.

आख्ख्या जगाला विचारलं का म्हणणाऱ्या इंदूताईंनी वहीचं कोरं पान उघडलं. मग पदर खोचला आणि त्या दोघांच्या मागे धावल्या. संध्याकाळपर्यंत ती दोघं बोलत होती. तो त्याच्या भाषेत, यमुनाबाई आपल्या. इंदूताईंना दुभाषी म्हणून फारसं काम उरलं नाही. पाणी कधी, शेण किती, कुठलं गवत बुडाशी अंथरायचं, सगळं हातांनी चाललं होतं. त्यानंतर तो बरेच रविवार आला. मधल्या दिवसांत इंदूताई शाळेतून थेट वाडीत जायच्या, आणि पायरीवर बसून आईला विचारून लिहून घ्यायच्या.

प्रबंधाला वसईच्या वाडीशी तुलना करणारा एक जाड भाग जोडला गेला. संदर्भसूचीत साहेबांच्या ओळीत इंदूताईंनी टंकलिखित करून घेतलं होतं, 'राऊत, यमुनाबाई. वाडीतील बोलणी.' मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "मला आवडलंय. पण बाहेरचे परीक्षक फार कडक आहेत. तोंडी परीक्षेत याच्यावरूनच नापास करतील तुम्हाला."

आठ दिवस इंदूताई जेवल्या नाहीत म्हटलं तरी चालेल. शाळेत आफ्रिकेऐवजी ऑस्ट्रेलिया शिकवली. परीक्षेच्या दिवशी मी सोबतीला गेलो. आणि आयत्या वेळी नऊवारी चापूनचोपून नेसून यमुनाबाई दारात उभ्या. "माजं नाव लिवलंय ना त्यात? मंग मी पन येते."

विद्यापीठाच्या त्या बोळात मी आणि यमुनाबाई बाकावर बसलो. दार अर्धवट उघडं होतं. आतून परीक्षकांचा आवाज आला. माणूस मराठीच होता.

"या यमुनाबाई राऊत पानोपानी आहेत. मी यांचं नाव कधी ऐकलं नाही. कुठल्या विद्यापीठाच्या?"

"विद्यापीठाच्या नाहीत, सर. आमच्या वाडीच्या. बाहेर बसल्यात."

आत कागद फडफडले. मग खुर्ची सरकली. "बाहेर बसल्यात? बोलवा."

यमुनाबाई आत गेल्या, मी दारात. त्यांना खुर्ची दिली, त्या तिच्या कडेवर टेकल्या. परीक्षकांनी चष्मा काढला. "आजी, कुठलं पिल्लू ठेवायचं हे तुम्ही कसं ठरवता?"

"तुमच्या घरला केळ हाय का?" यमुनाबाईंनी विचारलं.

परीक्षक जरा ओशाळले. "आहे. बंगल्यामागे. तीन वर्षं झाली, पानं भरपूर, पण घड काही धरत नाही."

"पिलं किती ठेवलीत?"

"सगळीच. कापायचं जिवावर येतं हो."

"मंग घड कुटून येनार, साहेब? साऱ्या एकाच ताटात जेवतात. कोनाचंच पोट भरत नाय." आणि मग टेबलावरच्या पेन्सिली बुंध्यासारख्या उभ्या धरून त्यांनी आई, लेक, नात असं सगळं समजावलं. कुठलं पान रुंद, कुठलं अरुंद, कुठलं कधी कापायचं. दहा मिनिटांनी मी पाहिलं तर त्या कडक माणसाने कागद पुढे ओढला होता आणि तो लिहून घेत होता.

"सर," इंदूताई हळूच म्हणाल्या, "संदर्भ देताना आडनाव आधी घ्यायचं. राऊत, यमुनाबाई."

मार्गदर्शक बाई तोंडावर फाईल धरून हसत होत्या. परीक्षक आधी लाल झाले, आणि मग असे खदखदून हसले की शेजारच्या खोलीतला शिपाई बघायला आला. पहिला वर्ग मिळाला. निकालाच्या दिवशी शाळेला अर्धी सुट्टी झाली, दुमिंग ताशाच्या तालावर असा नाचला की ताशेवाले दमले, आणि फिलूबायने हबारी न विचारताच गावभर भारी भारी म्हणत पापलेटं वाटली. हार दोन आणले होते. हेडमास्तरांनी पहिला यमुनाबाईंच्या गळ्यात घातला.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी मी पुढच्या वर्षाचं वेळापत्रक विचारायला त्यांच्याकडे गेलो. दोघी मागच्या ओट्यावर होत्या. यमुनाबाई मोगऱ्याच्या कळ्या निवडत होत्या, आणि इंदूताई मांडीवर प्रबंध घेऊन एकेक इंग्रजी वाक्य त्यांच्या घरच्या बोलीत सांगत होत्या. ती बोली त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली. शाळेत त्या पुस्तकासारखं बोलायच्या.

"हे चूक लिवलंस," यमुनाबाई मध्येच म्हणाल्या. "शेन वलं नाय घालायचं."

इंदूताईंनी पेन्सिलने खूण केली. यमुनाबाई चहा टाकायला आत गेल्या.

"टाइप होऊन, बांधून झालंय ते. आता कुठे दुरुस्त करताय?" मी म्हटलं.

"करू दे तिला." त्या प्रबंधाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, मी मॅट्रिक झाले त्या वर्षापासून आई माझ्याशी जपून बोलायला लागली. शिकलेली मुलगी, हिला आपण काय सांगायचं? आणि मला वाटायचं, हिला आपलं काय कळणार? जेवलीस का, आलीस का, दिवा लाव. तीस वर्षं एका घरात आम्ही एवढंच बोललो. आता ती बोलायला लागली की थांबत नाही. मीही मुद्दाम विचारत राहते. काही काही गोष्टी मला आता पाठ आहेत, तरी विचारते."

यमुनाबाई चहा घेऊन आल्या. एक कप मला दिला, एक लेकीपुढे ठेवला, आणि स्वतः तिच्या अगदी जवळ बसल्या. कळ्यांचं सूप मांडीवर ओढलं.

"इंदू," त्या म्हणाल्या, "तुजी ती शाळा कशी अस्ते गो? तिथं दिसभर काय काय करतेस, सांग ना मना."

दिवसाला सहा तास बोलणाऱ्या इंदूताईंना पहिलं वाक्य सापडायला बराच वेळ लागला. मी चहा संपवून उठलो. कुंपण ओलांडेपर्यंत त्या पहिल्या तासाच्या घंटेपर्यंत पोचल्या होत्या.