सगळं गाव चूलबंद

मोतीलाल पाटलांच्या मुलीचं, भूमिकाचं लग्न तोंडावर आलं आणि निरोपांचं काम पुतण्या ललितनं अंगावर घेतलं. ललित नंदुरबारला कॉम्प्युटर शिकतो. पोरगा हुशार, पण घाई फार. निरोप तीन तऱ्हेचे होते. ओळखीपाळखीच्यांना घरटी एक माणूस. सोयऱ्यांना चूलबंद, म्हणजे त्या घरात चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. आणि भाऊबंदांना: लग्नाच्या पहाटे विळी, शेतातली वांगी आणि घरचं पीठ घेऊन स्वयंपाकाला या.

एकेकाला निरोप धाडत कोण बसणार? ललितनं लॅपटॉपवर कमांड लिहायचा काळा पडदा उघडला. एका यादीत नंबर, दुसरीत निरोप, आणि एकच कमांड, की सगळे निरोप एकदम सुटू देत. एंटर दाबलं मात्र, अक्षरं अशी धावत सुटली की मोतीलालही हरखून बघत राहिले.

तेवढ्यात शेजारचा करणसिंग विचारायला आला, एकट्यानं यायचं की सगळ्यांनी? त्याला तिन्ही निरोप आले होते. मागोमाग मीनाबाई आली, तिलाही तिन्ही! ललितनं आपली कमांड पुन्हा वाचली. या नंबराला हाच निरोप, अशी जोडी लावायचं सांगायचंच तो विसरला होता. मग काय, कॉम्प्युटरनं इमानदारीत प्रत्येक नंबराला प्रत्येक निरोप धाडला होता. झालं, सगळं गाव चूलबंद! आता 'येऊ नका' असं कुठल्या लग्नघरानं सांगायचं?

मोतीलाल खाटेवर बसले. "लल्या, वऱ्हाड उपाशी गयं तर मन्ही पोरले सासरमा जलमभर ऐकनं पडी."

लग्नाच्या पहाटे दार उघडतात तो काय, अख्खं गाव हातात विळ्या घेऊन अंगणात उभं. मोतीलाल दोन पावलं मागेच सरले. पण विळ्यांमागून वांग्यांची पोती आली, पिठाचे डबे आले, आणि बघता बघता चुलाण्यांवर वरण रटरटू लागलं. पिठाच्या तळलेल्या बट्ट्यांचे ढीग लागले. वऱ्हाड येईपर्यंत दुप्पट माणसांना पुरेल एवढं रांधून तयार, आणि मोतीलालांची छाती फुगलेली.

ललित मांडवात खुर्ची टाकून बसला आणि हे सगळं आपण कसं आधीच ठरवून केलं, ते पाहुण्यांना रंगवून सांगू लागला. शेजारी वांगी चिरत बसलेल्या शांतीबाई काकूंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्याच्यासमोर वांग्यांचं एक पोतं रिकामं केलं.

"तुन्हा मोबाईलवर बी तिन्ही निरोप उनात ना? मग इळी ले अन् बठ."