केतकी घोडीची घाटस्वारी आणि चार चाकांवरील जासूद

श्रीमार्तंड प्रसन्न. वाट जेथे सुरू होते आणि जेथे सरते, त्या दोन्ही ठायींच्या देवतांस नमन करोन, शके एकोणीसशे सत्तेचाळीस विश्वावसुनाम संवत्सरी फाल्गुन वद्य तृतीयेस जो प्रसंग गुदरला तो जैसा ऐकिला तैसा लिहिला असे. पदरचे अधिक उणे घातले नाही.

कोणी एक राज्य होते आणि त्या राज्याची पागा बहुत नामांकित होती. पूर्वी घोडा मनुष्यास वाहत असे, मग काळ पालटला आणि मनुष्य घोड्यास वाहू लागला, त्याकरिता राणीसाहेबांनी लोखंडी ट्रेलर करविला, डावीकडे दोन चाके आणि उजवीकडे दोन, आणि तो जीपमागे जोडोन घोडे परगावी नेण्याचे काम दाजीबा खरात यांजकडे सोपविले. दाजीबा साठी उलटलेले, शब्दाचे खरे, आणि त्यांच्या कानाची ख्याती ऐसी की लोखंडी गजाने टायर ठोकावा आणि आवाजावरून हवा किती ते सांगावे. परंतु पाच वर्षांमागे एक घात जाहला. शहाबाज नावाचा घोडा नेत असता मागले चाक वाटेत फाटले आणि जीपमध्ये बसल्या दाजीबांस त्याची काहीच खबर लागली नाही, कारण की एक चाक बसले तरी शेजारले चाक भार उचलोन धरिते आणि पुढे हादरा म्हणोन येत नाही. मागाहून येणाऱ्या ट्रकवाल्याने हात करोन थांबविले तेव्हा रबराच्या चिंध्या होऊन ट्रेलरचा तळ उचकटला होता आणि शहाबाजाचा पाय दुखावला तो जन्माचा. त्या दिवसापासोन दाजीबा दर पाच कोसांवर उतरत, चारी चाके ठोकीत, आणि तरीही त्यांस झोप नीट येत नसे.

ऐसे असता केतकी नावाची घोडी गाभण राहिली. तिचे मागले शिंगरू जन्मताच गेले होते, म्हणोन राणीसाहेबांनी मसलत केली की दिवस भरण्याआधी तीस घाटापलीकडे घोड्यांच्या डॉक्टरीणबाई अष्टपुत्रे यांचे इस्पितळी न्यावे. वाट बावीस कोस, मध्ये अवघड घाट. मग राणीसाहेबांनी टायरच्या दुकानातील मुनीर अत्तार यांस बोलाविले आणि ट्रेलरच्या चाकांवर हवेची खबर देणारे यंत्र बसविण्याचा हुकूम केला. हे ऐकोन दाजीबांचे तोंड उतरले. ते म्हणाले, "सरकार, माझ्यावरचा भरवसा उडाला म्हणायचा." राणीसाहेब म्हणाल्या, "भरवसा उडाला असता तर केतकीला तुमच्या हाती दिली असती का?" परंतु दाजीबांच्या मनातील सल गेला नाही.

मुनीर मोठे कसबी मनुष्य. त्यांनी प्रत्येक चाकाच्या व्हॉल्ववरील टोपण काढोन त्या जागी बोराएवढा एक जासूद फिरवोन घट्ट बसविला, साबणाचे पाणी लावोन बुडबुडा येत नाही याची खातरजमा केली, आणि जीपमध्ये स्टिअरिंगशेजारी एक लहान पाटी ठेविली. दाजीबांनी विचारिले, "हा बोराएवढा काय सांगणार मला?" मुनीर म्हणाले, "काका, याच्या पोटात बारीक बॅटरी आहे. चाक फिरायला लागलं की हा जागा होतो, आतली हवा किती, ऊब किती, ते मोजतो आणि बिनतारी पाटीवर पाठवतो. हवा पंचावन्नच्या खाली गेली की पाटी ओरडणार." मग चालवोन पाहता पुढल्या दोन चाकांची खबर आली आणि मागल्या दोहोंची येईना. दाजीबा गालात हासले. मुनीर बिलकूल खट्टू न होता म्हणाले, "मध्ये एवढं लोखंड आहे, यांचा आवाज पोचत नाही. मध्ये एक निरोप्या ठेवू," आणि ट्रेलरच्या तोंडाशी एक डबी बसविली, ती मागल्यांची खबर घेऊन पुढे धाडू लागली आणि चारी आकडे पाटीवर उमटले. धन्य ती विद्या! दाजीबांचे हासणे थांबले.

तृतीयेस सकाळी टायर थंड असता चारी चाकांत पासष्ट पौंड हवा भरिली, केतकीस चढविले, राणीसाहेब जातीने दाजीबांशेजारी बसल्या आणि स्वारी निघाली. ऊन चढले तैसा रस्ता तापला आणि चाकांतील हवाही फुगली, तीन चाके बाहत्तरावर गेली, हे रीतीप्रमाणेच होते. परंतु डावे मागले चाक चढावयाचे सोडोन उतरू लागले. त्रेसष्ट, मग साठ. दाजीबा म्हणाले, "हा जासूद खोटं बोलतोय, सरकार." आणि घाटमाथा जवळ आला तोच पाटी टीं टीं करोन ओरडली, चोपन्न. दाजीबांनी माथ्यावरील रुंद जागी गाडी घेतली, उतरले, गजाने चारी चाके ठोकिली. चारींचा आवाज सारखा! आत केतकी लाथा झाडू लागली, घामाने भिजली, आणि पुढे उताराची पंधरा वळणे. दाजीबा म्हणाले, "कान म्हणतो जावं, पाटी म्हणते थांबावं. घोडीला थांबणं सोसणार नाही." राणीसाहेब इतकेच म्हणाल्या, "दाजीबा, तुम्ही म्हणाल तसं."

मग दाजीबांनी त्या चाकास तळहात लाविला आणि चटका बसोन मागे घेतला. शेजारले चाक नुसते कोमट होते. हवा उणी जाहली म्हणजे टायर दबोन दबोन चालतो आणि आतल्या आत भाजतो, हे त्यांस चाळीस वर्षे ठाऊक होते, आणि त्या चटक्याने ते सारे आठवले. "बदलायचं," ऐसे बोलोन त्यांनी चाकाचे नट्ट ढिले केले, एक जाड लाकडी ठोकळा शेजारल्या चाकापुढे ठेविला आणि जीप हळूच हातभर पुढे घेतली, तो चांगले चाक ठोकळ्यावर चढले आणि वाईट चाक आपसूक अधांतरी जाहले. घोडीस उतरवावे लागले नाही. राणीसाहेब खिडकीतून केतकीच्या मानेवर हात फिरवीत राहिल्या. दाजीबांनी चाक काढिले, जादा चाक चढविले, जासूद जुन्या व्हॉल्ववरून काढोन नव्यावर फिरवोन बसविला. आणि काढिलेले चाक फिरवोन पाहतात तो आतल्या अंगास, जेथे नजर न जाय, बोटभर खिळा रुतलेला.

खिळा पाहोन दाजीबा रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि डोळ्यांस पटका लाविला. राणीसाहेबांनी विचारिले, "काय झालं?" ते म्हणाले, "सरकार, पाच वर्षं मला वाटलं, शहाबाजच्या वेळी मी नीट ठोकलं नाही. आज नीट ठोकलं. मन लावून ठोकलं. तरी ऐकू आलं नाही." राणीसाहेब म्हणाल्या, "म्हणजे त्याही दिवशी आलं नसतं." दाजीबा म्हणाले, "नसतंच आलं," आणि मोठा श्वास सोडोन उठले.

मग स्वारी पंधरा वळणे उतरोन दोन प्रहरी इस्पितळी दाखल जाहली. डॉक्टरीणबाईंनी घोडी तपासोन सांगितले की शिंगराचे पाय आडवे आहेत, प्रसूती पागेतच होती तर दोन्ही जीव जाते. तिसरे दिवशी त्यांनी आपल्या हाताने शिंगरू सुखरूप सोडविले, कपाळी पांढरा टिळा, मादी. दाजीबांनी मुनीर यांस फोन करोन सांगितले, "पोरगी झाली आपल्याला. आणि ऐक, जीपच्या चाकांनाही ते बोर बसवायचं."

सारांश, वाट बावीस कोस, घाट एक, मनुष्यहानी नाही, अश्वहानी नाही, पागेत एक शिंगरू अधिक, आणि शत्रूपक्षाकडील खिळा एक, लांबी बोटभर, जिवंत हस्तगत जाहला. इति.