तीन शिट्ट्यांचं पोहणं

"शर्यत आधी डोक्यात जिंकायची असते. पाण्यात उतरायचं ते नुसतं सही करायला," असं आमचे बाबा छातीठोकपणे सांगायचे. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं, हे आत्ताच सांगून टाकते. ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे. त्यामुळे जगातलं सगळं ज्ञान लोकांच्या आधी त्यांच्याकडे पोचायचं, तेही चुकांसकट. मोठे खेळाडू डोळे मिटून अख्खा सामना मनात खेळून बघतात, असा एक लेख त्यांच्या हाती लागला आणि आमच्या आईचं नशीब उघडलं.

आई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. खात्याच्या क्रीडादिनी बायकांची पोहण्याची शर्यत असायची. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एवढंच. पाणी छातीइतकंच, पण पाय टेकले की बाद. आईला पोहता चांगलं यायचं. घोडं मध्यावर पेंड खायचं.

"तिथे दोन्ही भिंती सारख्याच लांब दिसतात हो," ती म्हणायची. "मग हातपायच गळतात."

आदल्या वर्षी ती तिथेच उभी राहिली होती आणि सगळ्या ऑफिससमोर चालत काठाला आली होती. सुपरवायझरबाई हसून म्हणाल्या होत्या, "फिरायला आला होतात का?" घरी येऊन आईने कणीक अशी तिंबली, की त्या कणकेची मला दया आली.

"या वर्षी तू पोचणार," बाबांनी जाहीर केलं.

झालं. रोज संध्याकाळी आई ऑफिसातून आली की कुकर चढवायची आणि स्वयंपाकघरातच स्टुलावर पालथी पडून, डोळे मिटून पोहायला लागायची. बाबा बाजूने येरझारा घालत धावतं वर्णन करायचे. "मध्य आला. भीती वाटतेय? वाटू दे. तिला म्हणावं, चल माझ्याबरोबर." माझ्याकडे एकच काम होतं, आईच्या लाथा चुकवणं. ते मला अधूनमधूनच जमायचं. खिडकीच्या काचेवर वाफ धरलेली असायची, डाळ शिजल्याचा वास यायचा आणि बाबांच्या आवाजात ती समोरची भिंत हळूहळू जवळ यायची. आजही कुठे कुकर लागला की मला आधी ते स्टूल दिसतं.

तिसरी शिट्टी झाली की आई पाय खाली सोडायची, डोळे न उघडताच हात लांबवून गॅस बंद करायची. सराव संपला. सवय इतकी अंगात मुरली, की बाबा म्हणाले, "आता तू विचार नाही केलास तरी चालेल." नेमकं तेच नडलं.

शर्यतीच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून थेट काठावर उभे. शर्यत सुरू झाली आणि आई अशी निघाली, की बाबांचं वर्णनच मागे पडलं. मध्य आला. मध्य गेला! बाबांनी माझा दंड इतका दाबला, की मी कळवळले.

तेवढ्यात शेजारून पोहणाऱ्या सुपरवायझरबाई तिरक्या होत होत आईच्या पट्ट्यात घुसायला लागल्या. त्यांना सावध करायला पंचांनी शिट्टी मारली. बाईंना ऐकू गेली नाही. पंचांनी दुसरी मारली. मग तिसरी.

आई थांबली. शांतपणे उभी राहिली आणि डोळे मिटलेलेच, हात लांबवून तिने पाण्यावर गॅस बंद केला.

"अगं, ती आपली शिट्टी नव्हे," असं ओरडत बाबा पुढे झुकले आणि शर्ट, पँट, चष्म्यासकट पाण्यात गेले. छातीभर पाण्यात ते बुडायला लागले.

"पाय टेकवा, अहो," आई म्हणाली.

बाबांनी टेकवले. केसांतून पाणी गळत होतं आणि चष्मा एका कानावर लोंबत होता. आई समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"मी बाद झाले ना?"

"शर्यतीतून झालीस," बाबा म्हणाले. "भिंत कुठे गेलीय? चल."

आई पुन्हा आडवी झाली. बाबा पाणी कापत तिच्या बाजूने चालायला लागले. "श्वास घे. थोडंच राहिलं. मी आहे इथे." सगळं ऑफिस हसत होतं. मग हसणं थांबलं. आईचा हात भिंतीला लागला तेव्हा टाळ्या पहिल्या कोणी वाजवल्या ते मला कळलं नाही. मी रडत होते.

पहिलं बक्षीस सुपरवायझरबाईंना मिळालं. ते घेऊन त्या आमच्याकडे आल्या आणि आईला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "खरं सांगू? मध्यावर मलाही धडकी भरते. म्हणून तर वाकडी होते मी. पुढच्या वर्षी तुमच्या यांना माझ्या बाजूनेही चालायला सांगाल का?"

आईने बाबांकडे पाहिलं. ते एका पायावर उभे राहून पँट पिळत होते आणि पंचांना मनातल्या मनात पोहण्याचे फायदे समजावून सांगत होते.

"न्या की," आई म्हणाली. "फक्त परत देताना वाळवून द्या."