थोरली, धाकटी आणि नदीचा डेटा

संस्थेत दोन महासंगणक होते आणि दोघांच्या मध्ये एक भिंत होती. जुन्याला सगळे थोरली म्हणत, नव्याला धाकटी. दोघींच्या चुली वेगळ्या, साठवण वेगळी, साहेबही वेगळे. थोरलीवर ठेवलेले धाकटीला दिसत नसे. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही बाब अत्यंत समाधानकारक मानली जाई.

नदीच्या पुराचा अंदाज बांधणाऱ्या संशोधक बाईंचा डेटा थोरलीवर होता आणि गणित धाकटीवर करायचे होते. म्हणून त्यांनी डेटाची एक प्रत धाकटीवर उतरवून घेतली. लगेचच परिपत्रक निघाले: साठवण भरत आली आहे, सबब प्रत्येकाने दुबार प्रती तत्काळ पुसाव्यात.

संस्थेत धावपळ उडाली. पुसण्याआधी हाताशी असावी म्हणून प्रत्येकाने आपल्या सगळ्या फायलींची एकेक प्रत काढली. थोरली काठोकाठ भरली. त्या परिपत्रकाच्याच प्रती इतक्या झाल्या, की त्यांच्यासाठी स्वतंत्र जागा मंजूर करावी लागली.

आदेश पाळला तो एकट्या बाईंनी. थोरलीवरचा डेटा त्यांनी पुसला. मग कळले, की धाकटीवरची जागा तात्पुरती आहे; महिना झाला, की तिथली फाइल आपोआप पुसली जाते. आणि बाईंचे गणित तर अजून रांगेतच उभे होते.

बाई धाकटीच्या साहेबांकडे धावल्या.

"सर, मला कायमची जागा द्या. कित्येक वर्षांच्या पावसाचे आकडे आहेत."

"देतो की! मूळ प्रत थोरलीवर आहे, एवढं तिकडून लिहून आणा."

"तिकडची मी पुसली. परिपत्रक होतं ना?"

"म्हणजे हीच मूळ प्रत? अहो, मूळ प्रत तात्पुरत्या जागेत ठेवणं नियमात बसत नाही."

"मग डिस्कवर घेऊन घरी ठेवते."

"संस्थेचा डेटा घरी? चोरी म्हणतात त्याला, बाई."

भिंतीपलीकडे थोरलीचे साहेब हळहळले. "परत कुठे घेऊ? तुमची जागा तुम्हीच सोडलीत. बाकीचे कसे धरून बसलेत, बघा जरा!"

ठरल्याप्रमाणे सफाई झाली. बाई रिकाम्या फोल्डरकडे बघत बसून राहिल्या. नवऱ्याचा फोन आला तेव्हा एवढेच म्हणाल्या, "तुम्ही जेवून घ्या. मला भूक नाही."

पुढच्याच आठवड्यात संस्थेने आदर्श वापरकर्ता म्हणून त्यांचा सत्कार केला. गुच्छ दोन होते, कारण साहेब दोन होते.

त्या वर्षी नदी न सांगता गावात आली. पाणी जिना चढू लागले तेव्हा गावातले आपण सगळे गच्चीवर होतो. चित्रण करायला मोबाइल काढला, तर त्यात जागाच नाही. मग आपण घाईघाईने जुने काहीतरी पुसले. काय पुसले, ते कुणीच पाहिले नाही.