निगोराच्या लग्नाचे गुलाब

थंडीत गुलाबांवर चढवलेली माती मार्चच्या उन्हात उकरून झाली, आणि नेमकं तेव्हाच मुकर्रमला आजारी बहिणीसाठी मार्गिलानला जावं लागलं. जाताना तिने नवऱ्याला बजावलं, "कात्रीला हात लावू नका. आठ दिवसांत येते, मग मीच छाटेन. मे महिन्यात याच अंगणात आपल्या लेकीचं, निगोराचं लग्न आहे."

तुलकिनअकांनी मान डोलावली. उझबेकिस्तानातल्या नमनगानच्या शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवलेला, सगळ्यांचा 'अका' म्हणजे दादा असलेला माणूस. फुलांतलं त्यांना काही कळत नव्हतं.

आठाचे पंधरा दिवस झाले, बहिणीचा ताप काही उतरेना. इकडे फांद्यांवर कोंबांचे लालसर डोळे फुगू लागले. शेजारचे एर्गशअका कुंपणावरून म्हणाले, "मास्तर, आता नाही छाटलंत तर सगळा जोर पानांत जाईल. वऱ्हाडाला काय पाला दाखवणार?"

तुलकिनअकांनी मुकर्रमला फोन लावला. ती नाइलाजाने म्हणाली, "बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा बघा. त्याच्या जरासं वर तिरका काप द्या. झाड गुडघ्याएवढं ठेवा. आणि घाई करू नका."

त्यांनी घाई केलीच नाही. पहिल्या झाडाची उजवी बाजू थोडी जास्त कापली गेली, म्हणून डावी तिच्या बरोबरीला आणली. मग डावीच बुटकी दिसू लागली. ते झाड एकदाचं सारखं झालं, तेव्हा उरलेली तेरा झाडं उंटासारखी दिसायला लागली. तुलकिनअकांनी खुंट्या ठोकून दोरी ताणली. पण अंगणालाच उतार होता. दोरी सरळ करता करता झाडं खाली खाली जात राहिली. संध्याकाळी चौदा खुंट उरले, प्रत्येकी वीतभर.

एर्गशअकांनी डोकावून पाहिलं. "यंदा गुलाब पेरलेत वाटतं?"

मुकर्रम परतली. पिशवी हातात तशीच धरून फाटकात उभी राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कागदाची फुलं आणावी लागतील."

"येतील फुलं," तुलकिनअका म्हणाले. रोज पहाटे उठून ते खुंटांना पाणी घालत, शेणखत देत, कोंब मोजत. मे उजाडला. सगळी गल्ली फुलली. यांच्याकडे वाटाण्याएवढ्या कळ्या.

लग्नाला पाच दिवस असताना व्याही आले. नवऱ्या मुलाची आजी पायरीवरून घसरली होती. तिच्याशिवाय लग्न कसं लावायचं? तारीख तीन आठवडे पुढे गेली. मुकर्रम आत जाऊन रडली. त्या तीन आठवड्यांत गरम वारं सुटलं आणि गल्लीतला एकूण एक गुलाब झडून गेला.

लग्नाच्या दिवशी चौदा झाडं अशी फुलली होती, की पान दिसत नव्हतं. आजीबाईंनी आपली खुर्ची त्यांच्याच शेजारी मांडून घेतली.

एर्गशअका पुलावाची ताटली घेऊन जवळ सरकले. "मास्तर, उशिरा फुलवायचं हे गणित कसं जमवलंत? आम्हालाही सांगा."

आजूबाजूची चार माणसं कान देऊन थांबली. तुलकिनअकांनी बायकोकडे पाहिलं. ती चहा ओतता ओतता म्हणाली, "सांगा की. विचारताहेत तर."

तुलकिनअका खोटं बोलणाऱ्यातले नव्हते.

"पहिल्या झाडाची एक बाजू चुकून जास्त कापायची," ते म्हणाले. "पुढचं आपोआप होतं."

एर्गशअकांनी गंभीरपणे मान हलवली, थोडा विचार केला आणि विचारलं, "डावी की उजवी?"